ज्याच्या छपरावर उतरेल त्याचं

मोतीरामजींविषयी मला फार थोडं माहीत आहे. त्यांचं मूळ गाव बार्शीटाकळीकडचं असावं, असं कुणी तरी बोललं होतं. आई-बाप कधी गेले, मूलबाळ झालं होतं का, झालं असेल तर त्याचं काय झालं, हे मी कधी विचारलं नाही. मला त्यांची कंबर माहीत होती. स्ट्रेप्टोमायसिनची नव्वद इंजेक्शनं मी त्यांना पहिल्या खेपेला दिली, एक दिवस डावीकडे, एक दिवस उजवीकडे. नव्वद दिवस एका माणसाच्या घरी जायचं आणि त्याचा चेहरा नीट न पाहता परत यायचं, हे कसं जमतं ते सांगता येणार नाही. पण जमतं.

मी तेव्हा अकोटला एका खाजगी डॉक्टरांकडे कंपाउंडर होतो. वय चोविसाच्या आसपास. मोतीरामजी पंचेचाळिशीचे असतील. मी त्यांना अरे-तुरे करीत असे, ते मला अहो म्हणत. आता लिहिताना मी त्यांना ‘ते’ म्हणतो आहे, पण त्याचा त्यांना काही उपयोग नाही.

ते कापसाच्या जिनात कामाला होते. सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांतून पडलेली रुई उपसून गठाणी बांधायच्या दाबाकडे नेणं हे त्यांचं काम. कार्तिकापासून चैत्रापर्यंत अंगाला, भुवयांना, कानांतल्या केसांना रुई चिकटलेली असे. संध्याकाळी घरी आले की आधी छपरावर चढत. तिथे त्यांची ढाबळ होती. खोक्यांच्या फळ्या ठोकून केलेली, मागच्या भिंतीला टेकवलेली, खालच्या अंगाला खोलीतच उघडणारी. चाळीस कबुतरं होती. गिरेबाज जातीची, उंच चढणारी. पहाटे सोडली की ठिपक्यांएवढी होत आणि दुपार कलली तरी उतरत नसत. अकोल्याच्या एका म्हाताऱ्या उस्तादाकडून ते हे शिकले होते, एवढं त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं.

कबुतरबाजीचा एक नियम आहे. दोन थवे आकाशात मिसळले आणि एखादं पाखरू चुकून दुसऱ्याच्या थव्याबरोबर खाली आलं, तर ज्याच्या छपरावर उतरेल त्याचं. मग मूळ मालकानं मागू नये. अकोटात हा नियम सगळ्यांना लागू होता, मोतीरामजींना नव्हता. किसनरावांचं घर आमच्या दवाखान्याला लागूनच होतं. मोठी शेती, माडीवर पितळी घुंगरं लावलेली ढाबळ. त्यांचं पाखरू मोतीरामजींच्या छपरावर उतरलं, तर मोतीरामजींनी ते टोपलीत घालून मागच्या दारी न्यायचं, हात जोडायचे आणि ठेवून यायचं. मोतीरामजींचं पाखरू माडीवर उतरलं, तर ते किसनरावांचं. अशी वर्षं गेली.

छप्पन साली मोतीरामजी नागपूरला जाऊन आले. आल्यावर घरातले देव त्यांनी बाहेर काढले, आणि पुढच्या महिन्यात किसनरावांचं एक पांढरं पाखरू त्यांच्या छपरावर उतरलं ते परत नेलं नाही. तीन दिवसांनी किसनरावांची दोन माणसं गेली. मी तेव्हा अकोटात नव्हतो, पण हे बोलणं गावात इतक्यांदा सांगितलं गेलं, की मला पाठ आहे.

“मोतीराम, मालकाचं पाखरू?”

“उतरलं ना बाप्पा माह्या छपरावर.”

“मंग? आजवर आनून देत होता.”

“आजवर मले वाटे, आभाय बी मालकाचंच हाय.”

त्यांना मार बसला. जिनातलं कामही महिनाभर गेलं. पाखरू मात्र त्यांनी दिलं नाही. पुढे त्याची पिल्लं झाली. किसनरावांच्या ढाबळीतली आणखी सहा-सात पाखरं आठ वर्षांत तिकडे उतरली, आणि तीही राहिली. चाळीस कबुतरं त्या माणसाला काय होती, हे कळायला एवढं पुरे.

आणखी एक सांगायला हवं. लकवा झालेल्या माणसाला कबुतराच्या पंखाचा वारा लागला तर अंग मोकळं होतं, अशी आमच्याकडे समजूत होती. मोतीरामजींच्या अंगणात त्यासाठी माणसं आणली जात. भले भले लोक आपल्या बापाला बैलगाडीतून आणून त्या अंगणात खाटेवर निजवत, मोतीरामजी वरून पाखरं सोडत, पंखांचा फडफडाट होई, धूळ, पिसं, बारीक पांढरी भुकटी खाली येई. बापाला ते लोक प्यायला पाणी मात्र घरून आणत. सुंदराबाई, मोतीरामजींची बायको, दारात उभी राहून हे बघत असे. तिनं एकदा मला विचारलं होतं, “भाऊ, हवा इटाळत नाही काय?” मी हसलो होतो. मी स्वतः त्या घरी पाणी घेत नव्हतो.

बासष्ट-त्रेसष्टच्या सुमारास मोतीरामजींना खोकला धरला. कोरडा खोकला. छपरावर चढताना दम लागे. संध्याकाळी ताप भरे, अंग मोडून येई, सकाळी जरा बरं वाटे. सगळ्यांनी एकच सांगितलं, रुई छातीत गेली. अकोटात ते खोटं वाटण्यासारखं नव्हतंच. जिनातली किती माणसं अशी खोकत मेलेली आम्ही पाहिली होती. आमच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं, जीन सोड. बायको दुसऱ्याच्या शेतात निंदणाला जाऊ लागली आणि मोतीरामजींनी जीन सोडलं.

म्हणजे पूर्वी जो माणूस दिवसातून दोन तास कबुतरांत असे, तो आता दिवसभर कबुतरांत राहू लागला.

त्यांची तब्येत आणखी बिघडली. मग सुंदराबाईनं तेच केलं, जे आख्खं गाव करत होतं. नवऱ्याची खाट तिनं ढाबळीच्या खाली ओढली आणि सकाळ-संध्याकाळ पाखरं उडवून त्यांच्या पंखांचा वारा त्याला दिला. मी इंजेक्शन द्यायला जाई तेव्हा हे चाललेलं असे. आमच्या डॉक्टरांनी तोवर निदान बदललं होतं, आता क्षय म्हणाले. थुंकीत काही सापडलं नव्हतं, पण ताप, खोकला, रोडावलेलं अंग, दुसरं काय असणार? मी खाटेच्या कडेला वाकून उभा राही. खाटेखाली पोती असत. कबुतरांची शीट खरवडून सुंदराबाई त्यांत भरून ठेवी. पानमळ्याला ते खत फार मानवतं म्हणत. एक पानमळेवाला वर्षातून एकदा येऊन पोती नेई आणि ज्वारी देई. बाहेर ठेवलं तर भिजतं, चोरीला जातं, म्हणून खाटेखाली. माझा पाय त्या पोत्यांना लागे.

क्षय म्हटल्यावर अंगणात लकव्याची माणसं येईनाशी झाली. पानमळेवालाही येईना. किसनराव दवाखान्याच्या पायरीवर बसून पेपर वाचत. ते एकदा मला म्हणाले, “कंपाउंडर, सुया वाया घालवू नका. देव घराबाहेर काढले, आता त्याले कोन सांभायते?” पायरीवर बसलेले दोघं-तिघं हसले. मीही थोडं हसलो असेन.

नव्वद इंजेक्शनं संपली. फरक नव्हता. तेव्हा डॉक्टर म्हणाले, अमरावतीला ने, छातीचा फोटो काढून घे. माझी सासुरवाडी अमरावतीची, माझं जाणं-येणं असे, म्हणून मला सांगितलं. दर्यापूरवरून एस.टी.नं आम्ही तिघं गेलो. चौसष्टच्या दिवाळीनंतरची गोष्ट. गाडीत मोतीरामजी खिडकीपाशी बसले होते आणि बाहेर तोंड काढून आभाळ बघत होते. मी पुढच्या बाकावर होतो.

अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात त्यांना ठेवून घेतलं. मी आठ दिवसांनी गेलो तर माणूस खाटेवर मांडी घालून बसला होता. ताप नाही. बाराव्या दिवशी ते जिना चढून वर जाऊन आले. औषध म्हणाल तर खोकल्याचं साधं पातळ औषध चालू होतं. तिथला डॉक्टर तरुण होता, चष्मेवाला, फार कमी बोलणारा. त्यानं सोडताना म्हटलं, घरी जा, दहा दिवसांनी दाखवायला या. घरी आल्या दिवशीच संध्याकाळी मोतीरामजींना थंडी वाजून ताप भरला. ओठ निळे पडले. परत नेलं. परत चार दिवसांत उतरला. तेव्हा त्या डॉक्टरनं त्यांच्याजवळ स्टूल ओढलं आणि विचारलं, “इथे बरे होता, घरी आजारी पडता. घरी काय आहे?”

मोतीरामजी म्हणाले, “बायको हाय.”

सुंदराबाई म्हणाली, “कबुतरं सांगा ना. मले कायले पुढं करता?”

डॉक्टरनं मग बरंच विचारलं. किती पाखरं, किती वर्षं, साफ कोण करतं. शेवटी तो म्हणाला की ही रुई नाही आणि क्षयही नाही. पाखरांच्या शीटीची, पिसांची भुकटी छातीत जाते, आणि काही माणसांच्या फुप्फुसांना ती सोसत नाही. आतून सूज येते. पाखरं सोडलीत तर सूज उतरेल. नाही सोडलीत तर फुप्फुस हळूहळू वाळलेल्या दोडक्यासारखं होईल, आणि मग कुठल्याच औषधानं ते परत ओलं होणार नाही.

मोतीरामजींनी विचारलं, “दुसरा उपाय?”

“दुसरा नाही.”

“तोंड बांधून गेलो तर?”

डॉक्टरनं खांदे उडवले. तो म्हणाला, “थोडा उशीर होईल. इतकंच.” त्यानं छोट्या पांढऱ्या गोळ्या लिहून दिल्या आणि बजावलं, की यांनी बरं वाटेल, पण बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे.

घरी आल्यावर मोतीरामजींनी तोंड बांधलं. दुपट्टा पाण्यात भिजवून, पिळून, नाकाच्या वर तीन वेढे. ढाबळ झाडायला लांब बांबूचा झाडू केला. वाऱ्याची दिशा बघून मगच वर चढत. उतरले की कपडे बाहेरच काढून आंघोळ. साफसफाई सुंदराबाई करी, ते दाणे टाकत. त्यात त्या गोळ्या होत्या, त्यामुळे महिनाभर खरंच बरं चाललं, आणि त्यांना वाटलं जिंकलो. नाकावर ओलं फडकं बांधलेला तो माणूस छपरावर उभा राहून पाखरांना हाक मारी तेव्हा आवाज बुडबुड्यांसारखा येई. पोरं खाली उभी राहून नक्कल करत.

गोळ्या संपल्या आणि सगळं परत आलं. आता सकाळचाही दम जात नव्हता. त्या दिवसांतलं नवरा-बायकोचं एक भांडण माझ्या कानांवर पडलं. मी दारात पिशवी घेऊन उभा होतो, कुणी ये म्हणालं नव्हतं.

“तुमाले कबुतरं पाह्यजे का जीव?”

“कबुतरं.”

“आन् मी?”

“तुले कोन नेऊन राह्यलं वं? तू हायच इथं.”

“मी रांड होऊन बसीन, आन् तुमची पाखरं माह्या उरावर नाचतीन.”

“पाखरं दिली का किसनराव काय म्हनीन, ठाऊक हाय? म्हनीन, आलं का ठिकान्यावर. मले तसं मरनं बी नोको.”

“म्हनू द्या ना. म्हननारा म्हनते, मरनारा मरते. कोनाच्या म्हनन्यानं तुमी मरून राह्यले? त्याच्याच ना?”

ते खोकत राहिले. मग मला बघून म्हणाले, “या भाऊ. उंबऱ्यातून काय पाहून राह्यले, तमाशा हाय काय?”

पासष्टच्या पावसाळ्यात त्यांना पुन्हा अमरावतीला न्यावं लागलं. या वेळी डॉक्टर माझ्यावर चिडला. मला व्हरांड्यात घेऊन म्हणाला, “हा माणूस ऐकणार नाही. तो इथे आहे तोवर घर रिकामं करून घ्या. नुसती पाखरं नाही. ढाबळ पाडा. शीट, पिसं, साठवलेलं खत, जे जे पाखरांचं ते सगळं घराबाहेर, लांब. भिंती धुवून चुना मारा. घाणीचा कण राहता कामा नये. समजलं?” मी समजलो म्हणालो. आणि मला समजलं होतंच. यात कुठे ऐकण्याची चूक नव्हती.

मी अकोटला आलो आणि सरळ सुंदराबाईकडे गेलो. ती अंगण सारवत होती. तिचं घर कसं होतं हे मी लिहायला हवं. एक खोली, पण भांडी अशी घासलेली की तोंड दिसावं. चुलीचा ओटा रोज पांढऱ्या मातीनं पोतारलेला. मी म्हणालो, “डॉक्टर म्हणाला, पाखरं काढ.” ती म्हणाली, “काढतो.” मग मी म्हणालो, “आणि घर साफ करून घे. घाण राहता कामा नये, असं म्हणाला.”

ती सारवणाचा हात तसाच धरून उभी राहिली. शेण मनगटावरून खाली गळत होतं.

“आमचं घर घान हाय?”

“तसं नव्हे.”

“तुमी एवढे दिस येऊन राह्यले. इथं कदी पानी नाही पेले. मी इचारलं नाही, काहून पेत नाही. आज समजलं. घान हाय म्हून.”

मला सांगायचं होतं, की तुझं घर नव्हे, खाटेखालची पोती, ढाबळीची भुकटी, डॉक्टरचा अर्थ तो आहे. चार वाक्यांचं काम होतं. पण जे ती म्हणाली ते खरं होतं. पाण्याचं खरं होतं. त्यानंतर माझ्या तोंडून त्या घरातल्या घाणीबद्दल आणखी एक शब्द निघू शकला नाही. मी म्हणालो, “नाही नाही, पाखरं काढलीस म्हणजे झालं.” आणि निघालो.

पाखरं काढलीस म्हणजे झालं. हे मी म्हणालो.

तिनं दुसऱ्या दिवशी पाखरं बांबूच्या दोन डालांत भरली आणि किसनरावांच्या मागच्या दारी नेली. दवाखान्याच्या बाजूच्या खिडकीतून मला ते दार दिसत होतं, बोलणंही ऐकू येत होतं. किसनराव बाहेर आले, पण लगेच घेतली नाहीत. म्हणाले, “कोन पाठवलं?” ती म्हणाली, “मीच आनली मालक. ठेवून घ्या.” ते म्हणाले, “आधी कशी आनत होते?” तिनं डालं खाली ठेवून हात जोडले. नवऱ्यानं आठ-नऊ वर्षं, मार खाऊन, जे केलं नव्हतं ते तिनं पाच मिनिटांत केलं. आत कुणी तरी हसलं. किसनरावांनी नोकराला डालं उचलायला सांगितलं.

कबुतर दिल्यानं जात नाही. नव्या जागी आणलं की त्याचे पंख बांधावे लागतात, महिना-दोन महिने, तेव्हा ते जुनं छप्पर विसरतं. किसनराव आयुष्यभर कबुतरं पाळलेले गृहस्थ. त्यांनी पंख बांधले नाहीत. विसरले, की मुद्दाम, हे मी सांगू शकत नाही. तिसऱ्या दिवशी सगळीच्या सगळी सुंदराबाईच्या छपरावर येऊन बसली. तिनं परत नेली. परत आली. तिसऱ्यांदा नेली तेव्हा किसनराव माडीवरून म्हणाले, “ज्याच्या छपरावर उतरली त्याची. तुह्याच नवऱ्याचा कायदा हाय.”

त्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेलो होतो, मोतीरामजींना परवा सोडणार एवढं सांगायला. ती अंगणात बसली होती. पुढे डाल. म्हणाली, “उभे कायले राह्यले? ते झाकन धरा.” मी झाकण धरलं. ती हात घालून एक पाखरू काढी, मान पिरगाळी आणि बाजूला ठेवी. आवाज होत नाही, झाला तर कांडी मोडल्यासारखा. पांढऱ्या पाखराची पिल्लं होती ती पांढरीच होती. मी झाकण उघडत-मिटत होतो. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, “झाले काय?” मी आत पाहिलं आणि झाले म्हणालो.

मग तिनं ढाबळ पाडली. फळ्या जाळल्या. आणि ढाबळीतलं, छपरावरचं, भिंतीच्या फटीतलं सगळं खरवडून काढलं, भिंती धुतल्या. घर घाण आहे असं पुन्हा कुणी म्हणू नये इतकं स्वच्छ. ते सगळं तिनं पोत्यांत भरलं, तोंडं शिवली. पावसाचे दिवस होते. पानमळेवाला आज ना उद्या येईल. पोती तिनं खाटेखाली लावली. आधी दोन होती, आता पाच झाली.

मोतीरामजी आले तेव्हा मी बरोबर होतो. त्यांनी छपराकडे पाहिलं. मग आभाळाकडे. मग बायकोला विचारलं, “कोनाले दिली?” तिनं सांगितलं. सगळं सांगितलं, हात जोडल्याचंही. तिनं ते लपवायला हवं होतं असं मला तेव्हा वाटलं. ते आत जाऊन खाटेवर बसले. चौथ्या दिवशी त्यांना ताप भरला.

आता सगळ्यांना कळून चुकलं, की पाखरांचा काही दोष नव्हता. अमरावतीचा डॉक्टर पोरगेला, त्याला काय कळतं. आमच्या डॉक्टरांनी पुन्हा क्षयाची इंजेक्शनं चालू केली, पुन्हा मी जाऊ लागलो, पुन्हा माझा पाय पोत्यांना लागू लागला. मला कधीच दिसलं नाही म्हणावं, तर ते खोटं होईल. दिसत होतं. पण ढाबळ गेली, पाखरं गेली, तरी ताप आला, म्हणजे डॉक्टर चुकला, हे एकदा मनात बसलं होतं. शिवाय मला ते सोयीचंही होतं.

मोतीरामजी पुढे सव्वा वर्ष जगले, आणि ते सगळं त्यांनी बायकोला छळण्यात घालवलं. मारण्याची ताकद नव्हती. खोकल्याची उबळ ओसरली की ते तिला हाक मारत. “ये वं. कोनाची मुंडी मुरगायतं आता? माही राह्यली.” जेवण पुढे आलं की विचारत, “कबुतर हाय काय?” कुणी भेटायला आलं की सांगत, “माह्या बाईनं मले वाचवलं. पाहा, कसा वाचलो.” ती ऐकून घेई. निंदणावरून आली की आधी घर झाडी, मग स्वैपाकाला लागे. एकदाच तिनं मला विचारलं, “डाक्तर पाखरंच म्हने ना? तुमच्यापाशी तसंच बोलला ना?” मी हो म्हणालो. “मंग काहून?” ती म्हणाली. मी म्हणालो, काही सांगता येत नाही.

सहासष्टच्या दिवाळीत मी सासुरवाडीला गेलो होतो. बाजारात तो चष्मेवाला डॉक्टर दिसला. मी टाळून जाणार होतो, पण त्यानंच ओळखलं. मोतीरामजींचं विचारलं. मी जरा घुश्शातच म्हणालो, की पाखरं मारली, तरी काही फरक नाही. त्याला आश्चर्य वाटलं. “ढाबळ?” पाडली. “भिंती?” धुतल्या. “साठवलेलं खत? कुठे ठेवलंय?” खाटेखाली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “तो त्यावर झोपतो?” मी मान हलवली. “आता काढून फारसा उपयोग नाही,” तो म्हणाला, “पण काढा.”

मोतीरामजी नोव्हेंबरच्या अखेरीस गेले. सुंदराबाई पुढे बावीस वर्षं अकोटातच राहिली. पाखरं फुकट मारली, आणि नवरा त्या दुःखानं गेला, असं लोक तिच्या तोंडावर बोलत, आणि तीही तसंच समजत असे. ती बरोबर वागली होती, आणि चूक माझी होती, हे तिला ठाऊक असायला हवं होतं. ती भेटे, “बरे हा ना भाऊ?” म्हणे, मी बरा आहे म्हणे. मी तिला सांगितलं नाही. ती गेल्यावरही पुष्कळ वर्षं मी कुणाला सांगितलं नाही.

बाजारात डॉक्टर भेटल्यावर अमरावतीहून आलो, त्याच दिवशी मी त्यांच्या घरी गेलो होतो. सांगायचं हे वाटेत ठरवलं होतं, शब्दही जुळवले होते. मोतीरामजी खाटेवर गुडघ्यांवर हात टेकून, पुढे वाकून बसले होते. झोपलं की गुदमरत म्हणून रात्रंदिवस तसेच बसत. नखं जांभळी होती. सुंदराबाई भाकरी थापत होती.

“काय भाऊ, आज पिशवी नाही?”

“नाही. ही पोती बाहेर काढायला आलो.”

“कायले?”

सुंदराबाईनं थापता हात थांबवला. दोघंही माझ्याकडे बघत होते. तेव्हा बोलायला हवं होतं.

“खालून हवा खेळली पाहिजे,” मी म्हणालो.

“हवा,” ते म्हणाले. “पाह्य वं, कंपोंडर हवा घेऊन आला.”

ती उठली. दोघांनी मिळून पाचही पोती ओढून काढली. एकाची शिवण उसवली होती, पांढरी भुकटी उडाली. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि मग किती तरी वेळ खोकले. आम्ही पोती मागच्या नाल्यापर्यंत नेऊन टाकली. ती तिकडेच हात धूत राहिली. मी चपला घालायला एकटाच परत आलो. ते भिंतीला डोकं टेकून बसले होते, डोळे मिटलेले. मी उंबऱ्यात थोडा वेळ उभा राहिलो.

“चाललो मी,” मी म्हणालो.

“दार लोटून घ्याजा. भाकर उघडी हाय, कुत्रं येते.”

“बरं,” मी म्हणालो.